वेल्समधले आइस्क्रीम पार्लर आणि जुने इटालियन कॅफे: पाच दिवसांचा बेत कसा आखावा?

सायसाखर

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाच दिवस वेल्समध्ये फिरायचे आहे. चौघे आहोत, गाडी घेणार नाही, रेल्वे आणि बसच. किल्ले आणि समुद्र वाटेत येतीलच, पण बेत आखायचा आहे तो आइस्क्रीम पार्लर आणि जुन्या इटालियन कॅफेंभोवती. सध्याची यादी: कार्डिफ, स्वान्झी आणि मम्बल्स, टेंबी, अबेरायरॉन, हार्लेक, क्रिकिएथ, कॉन्वी, बोमॅरिस. जमलेच तर हे-ऑन-वाय.

पाच दिवसांत हे बसेल का? क्रम कुठला धरावा? खाणींच्या दऱ्यांमधले कॅफे मुद्दाम वाट वाकडी करून जाण्यासारखे आहेत, की समुद्रकाठच पुरे? आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, आमच्यातले दोघे अंडे खात नाहीत आणि एकाला काजू-बदाम-अक्रोडाची ॲलर्जी आहे. काउंटरवर नेमके काय विचारायचे?

---

खाडीकाठ

आधी यादी कापा. नकाशावर वेल्स एवढासा दिसतो, पण दक्षिण किनाऱ्यावरून उत्तरेला वेल्सच्या आतून जाणारी रेल्वेच नाही. कार्डिफहून बँगोरला जाणारी गाडी श्रूझबरीमार्गे, म्हणजे इंग्लंडमधून वळसा घेऊन जाते आणि त्यात चार तासांहून जास्त जातात. अर्धा दिवस खिडकीत बसून आइस्क्रीम मिळत नाही. टेंबी, बोमॅरिस आणि हे-ऑन-वाय ही तीन टोके या खेपेला सोडा. टेंबी एका फाट्याच्या वाटेवर आहे. बोमॅरिसला रेल्वे नाही, बँगोरहून बस घ्यावी लागते. हे-ऑन-वायलाही रेल्वे नाही. तिथे जायचे तर हेरफर्डहून टी१४ बस, आणि ती तुमच्या बाकीच्या वाटेपासून अगदी लांब.

उरलेल्या गावांची एक सरळ माळ होते. दक्षिणेकडून सुरुवात करून पश्चिम किनाऱ्याने वर जा:

पहिला दिवस कार्डिफला मुक्काम ठेवून खाणींच्या दऱ्यांतली पॉन्टिप्रीद आणि ट्रिऑर्की. दुसरा स्वान्झी आणि मम्बल्स. तिसऱ्या दिवशी रेल्वेने कार्मार्दन, तिथून टी१ बसने लॅम्पीटर आणि अबेरायरॉन करत ॲबरिस्टविथला मुक्काम. चौथ्या दिवशी किनाऱ्याच्या रेल्वेने बारमथ आणि हार्लेक. पाचव्या दिवशी क्रिकिएथ, मग परत.

मम्बल्सबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे लोक चुकीच्या क्रमाने फिरतात. स्वान्झीचे जोज आइस्क्रीम १९२२ पासूनचे. मूळ पार्लर शहरात सेंट हेलन्स रोडवर आहे आणि मम्बल्सला दुसरे. बहुतेक लोक थेट मम्बल्सला जातात आणि शहरातले राहून जाते. आधी सेंट हेलन्स रोडवर जा, एक साधा व्हॅनिला घ्या, मग किनाऱ्याच्या रस्त्याने मम्बल्स. हा पायी आणि सायकलचा रस्ता साधारण ८ किलोमीटरचा, सपाट, जुन्या मम्बल्स रेल्वेच्या मार्गावरून जातो. ही तीच रेल्वे जिने १८०७ मध्ये तिकीट घेऊन प्रवासी नेले, जगात पहिल्यांदा. १९६० मध्ये ती बंद झाली. चालायचे नसेल तर बसने अर्ध्या तासाच्या आत पोचता. मम्बल्समध्ये गावातली दुकाने ओलांडून धक्क्याच्या दिशेने पुढे गेलात की नॅब रॉकवर व्हेर्डीज आहे, १९९५ पासूनचे. तिथे काचेच्या उंच ग्लासातले सन्डे, म्हणजे सॉस आणि चुरा घालून सजवलेले आइस्क्रीम, आणि समोर अख्खा उपसागर. बसून खायचे असेल तर ते तिथे, हातात कोन घेऊन चालायचे असेल तर जोज.

जोजमध्ये पहिल्यांदा व्हॅनिलाच घ्या असे का म्हणतो: दक्षिण वेल्सच्या इटालियन घराण्यांचे आइस्क्रीम हे मूळचे दुधाचे आइस्क्रीम. सायीने जड झालेले नाही, हलके, थंडगार, दुधाची चव पुढे ठेवणारे. चॉकलेट आणि कॅरॅमलखाली हा फरक कळतच नाही. एकदा साधे खाऊन मग काय वाटेल ते घ्या.

ॲबरिस्टविथहून हार्लेकला जाताना डव्ही जंक्शनला गाडी बदलावी लागते, तेवढे लक्षात ठेवा.

खर्चाचा अंदाज: एका स्कूपच्या कोनाला ३ ते ४ पौंड धरा, मोठ्या सन्डेला त्याच्या दुप्पट किंवा जास्त.

---

तिसरा_फलाट

वरच्या मार्गाशी पूर्ण सहमत, पण एक महत्त्वाची दुरुस्ती. गाडी डव्ही जंक्शनला बदलू नका, माखन्लेथला बदला. डव्ही जंक्शन हे दलदलीतले स्टेशन आहे. बसायला छोटासा आडोसा, बाहेर पडायला पायवाट, ना चहा ना दुकान. माखन्लेथला स्टेशनवर थांबता येते आणि गाव चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बदल चुकला तर पुढची किनाऱ्याची गाडी साधारण दोन तासांनी. ते दोन तास कुठे काढायचे हे आधीच ठरवलेले बरे.

याच मार्गावर आणखी एक गोष्ट फसवते. श्रूझबरीकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या माखन्लेथला दोन तुकड्यांत विभागतात. पुढचे-मागचे डबे वेगवेगळीकडे जातात: एक तुकडा ॲबरिस्टविथला, दुसरा बारमथमार्गे प्युल्हेलीला. फलाटावरची पाटी आणि डब्यातली घोषणा दोन्ही बघा, बसल्यावर गार्डला एकदा विचारा.

माखन्लेथ ते बारमथ साधारण तास. बारमथच्या आधी मॉडाख नदीच्या मुखावरचा लाकडी पूल लागतो, १८६७ मधला, त्यासाठी डाव्या हाताची खिडकी धरा, समुद्र त्या बाजूला असतो. बारमथ ते हार्लेक पंचवीस-तीस मिनिटे, हार्लेक ते क्रिकिएथ अर्ध्या तासाच्या आसपास.

परतीसाठी एक सुचवणे आहे. क्रिकिएथहून त्याच वाटेने मागे फिरू नका. शेजारच्या पोर्थमाडोगहून फेस्टिन्योग ही अरुंद रुळांची रेल्वे डोंगर चढून ब्लाएनाऊ फेस्टिन्योगला जाते, तासाभराहून थोडा जास्त वेळ. तिथून मोठ्या रुळांची कॉन्वी व्हॅलीची गाडी लँडिडनो जंक्शनला उतरवते, आणखी तासभर. म्हणजे तुमच्या यादीतले कॉन्वी पाचव्या दिवशी बसते आणि पुढे चेस्टरमार्गे बाहेर पडता येते. अट एकच: फेस्टिन्योगच्या फेऱ्या मोसमाप्रमाणे बदलतात आणि कॉन्वी व्हॅलीच्या गाड्या दिवसात मोजक्याच. दोन्ही वेळापत्रके शेजारी ठेवून मगच तिकीट काढा.

कॉन्वी स्टेशनवर गाडी मागणीवर थांबते. चढायचे असेल तर फलाटावर दिसेल असे उभे राहून हात करा, उतरायचे असेल तर गार्डला आधी सांगा. बॅगा जास्त असतील तर सरळ लँडिडनो जंक्शनला उतरा.

---

दरीखोरे

खाणींच्या दऱ्यांबद्दल विचारलेत म्हणून लिहितो. माझे मत स्पष्ट आहे: वेल्सच्या आइस्क्रीमची गोष्ट समजून घ्यायची असेल तर एक दिवस तिथे गेलाच पाहिजे. समुद्रकाठची पार्लरे ही त्या गोष्टीची नंतरची पाने आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटलीतल्या पार्मा प्रांतातून, ॲपेनाइन डोंगरातल्या बार्डी आणि आसपासच्या गावांतून लोक दक्षिण वेल्समध्ये येऊ लागले. कोळशाच्या खाणींनी दऱ्या भरल्या होत्या, पगार होता, पण बसायला जागा नव्हती. उन्हाळ्यात आइस्क्रीमची हातगाडी, हिवाळ्यात गरम पेये आणि खाणे, मग हळूहळू पक्के दुकान. त्यातले ब्राकी घराणे इतके आधीचे आणि इतके ठळक की ऱ्होन्दा दरीत कुठल्याही इटालियन कॅफेला 'ब्राकी' म्हणू लागले, मालकाचे आडनाव काहीही असो. आजही जुन्या माणसांच्या तोंडी तो शब्द आहे.

यात कायद्याचाही हात आहे. १८८१ च्या कायद्याने वेल्समध्ये रविवारी दारूची दुकाने बंद झाली. चॅपलमध्ये जाणारा, दारू न पिणारा मोठा वर्ग आधीच होता. रविवारी संध्याकाळी तरुण मुला-मुलींना एकत्र बसता येईल अशी जागा म्हणजे हे कॅफे. ते उघडे ठेवल्याबद्दल धर्मनिष्ठ मंडळींची नाराजी होई, मालकांना दंडही भरावे लागले, पण कॅफे टिकले.

१९४० ची आठवण या कॅफेंमधून अजून पुसलेली नाही. इटली युद्धात उतरल्यावर ब्रिटनमधल्या इटालियन पुरुषांना धरून नेले गेले. त्यांतल्या अनेकांना कॅनडाला नेणारे आरांडोरा स्टार हे जहाज २ जुलै १९४० रोजी जर्मन पाणबुडीने बुडवले. मेलेल्यांमध्ये वेल्समधले ५३ इटालियन होते. कार्डिफच्या सेंट डेव्हिड कॅथलिक कॅथीड्रलमध्ये त्यांचे स्मारक आहे, २०१० मध्ये उभारलेले. शहराच्या अगदी मध्यावर आहे, कार्डिफचा दिवस असेल तर दहा मिनिटे तिथे द्या. मग दरीत जा. काउंटरमागच्या भिंतीवरचे कुटुंबाचे फोटो वेगळे दिसतात.

आता प्रत्यक्ष. कार्डिफ सेंट्रलहून ट्रेहर्बर्टची गाडी घ्या. पॉन्टिप्रीद अर्ध्या तासाच्या आसपास, ट्रिऑर्की साधारण तास. आधी लांबचे करा: सकाळी ट्रिऑर्कीला उतरून स्टेशनाजवळचे स्टेशन कॅफे, मग तिथली मुख्य पेठ. या पेठेला २०१९ साली ब्रिटनमधल्या उत्तम पेठेचा मान मिळाला, आणि तो सार्थ आहे, कारण दुकाने बहुतेक स्थानिक माणसांची आहेत. दुपारी परत येताना पॉन्टिप्रीदला टाफ स्ट्रीटवर प्रिन्सेस. १९४८ पासूनचे, आतली सजावट आर्ट डेको, वरच्या मजल्यावर जागा असेल तर तिथे बसा.

या कॅफेंत काय मागायचे? फेसाळ कॉफी: बारीक फेसाचा इटालियन कापुचिनो नव्हे, वाफेच्या यंत्रावर भरपूर दूध उकळून केलेली, मोठ्या कपातली, सौम्य. गरम व्हिम्टो, म्हणजे द्राक्ष-रास्पबेरीच्या सरबताचा गरम पाण्यातला अवतार, थंडी-पावसात छान. सोबत एक स्कूप व्हॅनिला. गरम पेय आणि आइस्क्रीम एकत्र मागितले तर तिथे कोणालाही नवल वाटत नाही, ती जुनीच जोडी आहे. वाफेच्या नळीखाली गरम केलेली 'पाय', म्हणजे आत सारण भरून भाजलेली पेस्ट्री, ही दरीची खासियत, पण ती मांसाची.

चूक होते ती वेळेत. हे कॅफे न्याहारी आणि दुपारच्या जेवणाचे आहेत. चार-साडेचारला खुर्च्या टेबलांवर चढतात, आणि रविवारी बरेचसे बंद. म्हणून दरीचा दिवस शनिवार किंवा कामाचा वार ठेवा.

---

सायसाखर

फारच उपयोगी, सगळ्यांचे आभार. टेंबी, बोमॅरिस आणि हे-ऑन-वाय कापले. मग शनिवारी दरी, रविवारी मम्बल्स, सोमवारी टी१ बस, मंगळवारी बारमथ-हार्लेक, बुधवारी क्रिकिएथ आणि कॉन्वी, असे वार बसतात. यात खड्डा कुठे आहे? आणि अंड्याचे कोणी सांगेल का?

---

वेलदोडा

अंड्याचे आणि ॲलर्जीचे दोन वेगळे प्रश्न आहेत, उत्तरेही वेगळी.

अंडे: पहिली गोष्ट, ब्रिटनमध्ये 'व्हेजिटेरियन' म्हणजे मांस-मासे नसलेले. अंडे त्यात चालते. त्यामुळे "हे व्हेजिटेरियन आहे का" हा प्रश्न तुमच्या कामाचा नाही. हिरवे चिन्हही नाही. थेट विचारा: या चवीच्या मिश्रणात अंडे आहे का? आइस्क्रीमचे मूळ मिश्रण दोन प्रकारचे. एक दूध-साय-साखरेचे, दुसरे अंड्याच्या पिवळ्या बलकाचे कस्टर्ड शिजवून केलेले. एकाच दुकानात व्हॅनिला बिनअंड्याचा आणि खारे कॅरॅमल अंड्याचे असे असू शकते, म्हणून दर चवीला वेगळे विचारा. रंगावरून ठरवू नका. जर्सी गाईचे दूध मुळातच पिवळसर असते, त्यामुळे पिवळा व्हॅनिला म्हणजे अंडे असा अर्थ होत नाही, आणि पांढरा म्हणजे अंडे नाही असाही नाही. आत मिसळलेले तुकडे विसरू नका. कुकी, ब्राउनी, केकचा चुरा, हनीकोम्ब यांपैकी केक-ब्राउनीत अंडे बहुधा असतेच. साधा वेफरचा कोन सहसा बिनअंड्याचा, पण जाड वॉफल कोनात अंडे असू शकते, तेही विचारा.

अंडे, दूध, शेंगदाणा, काजू-बदाम-अक्रोड वर्गातली कवचफळे ही ब्रिटनच्या कायद्यातल्या १४ ॲलर्जी घटकांत येतात. सुटे विकणाऱ्यालाही त्यांची माहिती देणे बंधनकारक आहे. म्हणून काउंटरवर 'ॲलर्जेन'ची वही किंवा तक्ता मागा, तोंडी "नसावे बहुधा" यावर थांबू नका. वहीत 'एग' च्या रकान्यात खूण आहे का ते स्वतः बघा. दोघांचा प्रश्न तिथेच सुटतो.

जिलेटिनचाही विचार असेल तर: मार्शमॅलोमध्ये ते असते, काही मूसमध्येही. आणि हे १४ घटकांत नाही, त्यामुळे त्या वहीत सापडणार नाही, पाकिटावरची घटकांची यादी बघावी लागते. गुलाबी-लाल सजावटीत ई१२० म्हणजे किड्यांपासूनचा रंग असू शकतो, चमकदार दाण्यांवर ई९०४ म्हणजे लाखेचा थर. ई४७१, म्हणजे मिश्रण एकजीव ठेवणारा पदार्थ, वनस्पतीचा की प्राण्याचा हे पाकिटावरून कळत नाही.

ॲलर्जी: इथे अधिक कडक राहा. धोका चवीपेक्षा चमच्याचा. एकच स्कूप पिस्त्यातून निघून पाण्याच्या वाटीत बुडतो आणि व्हॅनिलात जातो. ते पाणी स्कूप स्वच्छ करत नाही, कण पसरवते. रांगेत आपला नंबर आला की आधी ॲलर्जी सांगा, मागणी नंतर. स्वच्छ धुतलेला स्कूप आणि शक्य असेल तर मागच्या फ्रीझरमधला न उघडलेला डबा मागा. नको म्हणाले तर वाद घालू नका, बंद पाकिटातली कुल्फीसारखी काडीवरची घ्या, तिच्यावर घटक छापलेले असतात. सन्डे टाळा, वरची चुरा-सॉसची भांडी सगळ्यात मिसळलेली असतात. 'व्हीगन' पाटीचा अर्थ ॲलर्जीला सुरक्षित असा नाही, उलट व्हीगन आइस्क्रीम कधी कधी काजूच्या दुधाचे असते. नारळ त्या १४ मध्ये नाही, त्याचे वेगळे विचारा.

कॅफेतले बाकीचे: वेल्श केक, म्हणजे जाड लोखंडी तव्यावर भाजलेल्या मनुकांच्या चपट्या टिक्क्या, यात अंडे असते आणि जुन्या पद्धतीत डुकराची चरबी. बटरच्या केल्या आहेत का हे विचारा. बारा ब्रिथ हा चहात भिजवलेल्या सुक्या फळांचा पाव, त्यातही सहसा अंडे. ग्लॅमॉर्गन सॉसेज नाव सॉसेज असले तरी चीज, लीक (कांद्याच्या जातीची भाजी) आणि पावाच्या चुऱ्याचे, मांस नाही, पण बांधायला अंडे. वेल्श रेअरबिट म्हणजे टोस्टवरचे चीज, त्यात वूस्टर सॉस असतो आणि त्यात अँचोव्ही मासे. अंडे न खाणाऱ्यांनी टोस्ट, जॅकेट बटाटा आणि बीन्स यांवर भरवसा ठेवावा.

---

तिसरा_फलाट

वारांबद्दल. रविवारी मम्बल्स ठेवलेत ते बरोबर. कार्डिफ-स्वान्झी गाड्या रविवारीही भरपूर, साधारण तासाभराचा प्रवास, मम्बल्सला पार्लरे रविवारीच जोरात. बाकी दोन दिवस, टी१ बस आणि किनाऱ्याची रेल्वे, रविवारी ठेवू नयेत, कारण फेऱ्या खूप कमी होतात. तुमच्या आखणीत ते आपोआप टळले आहे.

खड्डा सोमवारी आहे. छोटी कॅफे आठवड्यातून एक दिवस बंद असतात आणि तो दिवस बहुधा सोमवार किंवा मंगळवार. लॅम्पीटरचे कॉन्टीज आणि अबेरायरॉनचे हाइव्ह, दोघांच्या त्या आठवड्यातल्या वेळा आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्या. लॅम्पीटर बंद निघाले तर उतरूच नका, तो वेळ अबेरायरॉनला द्या.

टी१ चा पूर्ण प्रवास कार्मार्दन ते ॲबरिस्टविथ सव्वादोन ते अडीच तास. मध्ये दोनदा उतरलात तर दिवस लागतो. म्हणून स्वान्झीहून सकाळची पहिली सोयीची गाडी घ्या, कार्मार्दनला पोचायला पाऊण तासाच्या आसपास. बॅगा मोठ्या नकोत, बस गावातल्या थांब्यावर सोडते आणि अबेरायरॉनला सामान ठेवायला जागा शोधत बसावे लागते.

---

खाडीकाठ

डव्ही जंक्शनच्या दुरुस्तीबद्दल आभार, माखन्लेथच बरोबर.

अबेरायरॉनबद्दल राहिले होते. बंदराच्या काठी रंगीत घरांची ओळ आणि तिथेच हाइव्ह, मधाच्या आइस्क्रीमसाठी नावाजलेले. मधाच्या आइस्क्रीमचा पोत साखरेच्या आइस्क्रीमपेक्षा मऊ लागतो, आणि त्याला कारण आहे. मधातली ग्लुकोज-फ्रुक्टोज ही साधी साखर मिश्रणाचा गोठणबिंदू जास्त खाली नेते, त्यामुळे त्याच तापमानाला कमी पाणी बर्फ होते. याचाच दुसरा परिणाम म्हणजे ते लवकर वितळते. कोनऐवजी कप घ्या आणि बंदराच्या भिंतीवर लगेच संपवा.

हार्लेकला हुवेन्वार कास्टेल हे पार्लर किल्ल्याजवळच आहे. स्टेशन मात्र खाली, किल्ला आणि गाव वर. मधला फोर्द पेन थ्लेख हा रस्ता इतका उभा की २०१९ मध्ये जगातला सर्वांत तीव्र चढाचा रस्ता म्हणून त्याची नोंद झाली, पुढच्या वर्षी ती न्यूझीलंडच्या रस्त्याकडे परत गेली. गुडघ्यांचा त्रास असेल तर वळसा घेणाऱ्या सौम्य रस्त्याने चढा. वीस मिनिटे जास्त धरा, उतरताना गाडी चुकते ती याच हिशेबात.

क्रिकिएथचे कॅडवॉलेडर्स १९२७ चे, किल्ल्याच्या पायथ्याशी. दक्षिणेतल्या इटालियन घराण्यांपेक्षा ही वेगळी, वेल्श कुटुंबाची परंपरा. दोन्हीकडचा साधा व्हॅनिला खाऊन तुलना करा, या प्रवासाचा तोच खरा गाभा ठरेल. कॉन्वीला परिसेलाज, धक्क्यावर. तिथे उभ्यानेच खायचे.

---

गारवा

दुकान ओळखीचे नसेल तेव्हा आत शिरण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात.

दारावरचा स्वच्छतेचा हिरवा-काळा स्टिकर. वेल्समध्ये २०१३ पासून तो दर्शनी भागात लावणे सक्तीचे आहे, इंग्लंडमध्ये नाही. ० ते ५ गुण. आइस्क्रीम कच्च्या दुधासारखेच नाजूक, ४ किंवा ५ असेल तिथेच खा. स्टिकर दिसलाच नाही तर विचारा, त्यांना सांगावेच लागते.

दुसरे, काचेतले डबे. कडेला बर्फाचे पांढरे खडे दिसले किंवा वरचा थर चकचकीत-चिकट असला, तर ते एकदा वितळून परत गोठलेले आहे. वितळताना बारीक स्फटिक विरघळतात आणि परत गोठताना मोठे होतात, म्हणून जिभेला वाळूसारखे लागते. पिस्ता झगझगीत हिरवा, पुदिना निळसर, केळे पिवळेधमक असेल तर तो रंग आहे, फळ नव्हे. खरा पिस्ता मातकट हिरवा, खरे केळे राखट पांढरे. आणि डब्याच्या कडेच्या वर डोंगरासारखे रचलेले आइस्क्रीम काचेतल्या थंडाव्याच्या बाहेर असते, ते तसे उभे राहावे म्हणून त्यात हवा आणि घट्ट करणारे पदार्थ जास्त लागतात. झाकणाखाली ठेवणारे दुकान दिसायला साधे, पण माल बरा.

जेलाटो लिहिलेले असेल तिथे मऊपणाची अपेक्षा ठेवा: त्यात साय कमी, हवा कमी, आणि ते आइस्क्रीमपेक्षा काही अंश कमी थंड वाढतात. म्हणून चव लगेच कळते आणि ते लवकर ओघळते.

यंत्रातून निघणारे मऊ आइस्क्रीम, चॉकलेटची फ्लेक खोचलेले, त्याला '९९' म्हणतात. स्वस्त मिश्रणात दुधाच्या सायीऐवजी वनस्पती तेल असू शकते. मजा म्हणून एक खा, पण हा प्रवास त्याच्यासाठी नाही.

समुद्रकाठी सीगल. लँडिडनो, कॉन्वी, मम्बल्स, सगळीकडे. ते मागून आणि वरून येतात, समोरून नाही. पाठ भिंतीला लावून उभे राहा, कोन छातीजवळ धरा, पक्षी जवळ बसला तर त्याच्याकडे रोखून बघा, त्याने ते खरोखर बिचकतात. लहान मुलाच्या हातात कोनऐवजी कप द्या. टाकलेला वेफर त्यांना खाऊ घालू नका, पुढच्या माणसाचा कोन त्यामुळे जातो.

चमचे लाकडी मिळतील. ३० ऑक्टोबर २०२३ पासून वेल्समध्ये एकदाच वापरायचे प्लास्टिकचे चमचे, ताटल्या, स्ट्रॉ विकायला-द्यायला बंदी आहे. लाकडाची चव नको असेल तर स्टीलचा एक चमचा खिशात ठेवा, मधाच्या आणि व्हॅनिलाच्या आइस्क्रीमला त्याने फरक पडतो.

---

सायसाखर

स्टीलचे चार चमचे यादीत टाकले. शेवटचा प्रश्न, वेल्श भाषेतल्या पाट्यांचे काय? पश्चिम किनाऱ्यावर वेल्श जास्त बोलतात ना?

---

दरीखोरे

हो, कार्मार्दनच्या पुढे कानावर वेल्शच जास्त पडेल. इंग्रजी सगळ्यांना येते, अडचण नाही, पण काही शब्द ओळखता आले तर दारावरून परत फिरावे लागत नाही. 'आर आगोर' म्हणजे उघडे, 'आर गाय' म्हणजे बंद. 'हिवेन या' म्हणजे आइस्क्रीम, 'मेव्हिस' स्ट्रॉबेरी, 'मावॉन' रास्पबेरी, 'मेल' म्हणजे मध. 'पानेद' म्हणजे कपभर चहा. 'उइ' म्हणजे अंडे, हा तुमच्यासाठी सगळ्यात कामाचा. दुधाला दक्षिणेत 'थ्लाइथ' आणि उत्तरेत 'थ्लेव्रिथ' म्हणतात, तुमच्या मार्गात ॲबरिस्टविथच्या पुढे कुठेतरी हा बदल ऐकू येईल. यातला 'थ्ल' नीट उमटत नाही लिहिण्यात: जीभ 'ल' च्या जागी ठेवून नुसती हवा दोन्ही बाजूंनी सोडायची. पैसे देताना 'दिओल्ख' म्हणा, शेवटचा 'ख' घशातून.

---

तिसरा_फलाट

बुधवारचे एक राहिले. कॉन्वी करून त्याच दिवशी बाहेर पडणार असाल तर फेस्टिन्योगची सकाळचीच गाडी धरा आणि क्रिकिएथचे आइस्क्रीम मंगळवारी संध्याकाळी खा: हार्लेकहून क्रिकिएथला मुक्कामाला जा. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, पण पार्लर तोपर्यंत उघडे असेलच असे नाही, म्हणून हार्लेकहून चारच्या आसपासची गाडी, त्यानंतरची नको. सकाळी क्रिकिएथ ते पोर्थमाडोग रेल्वेने किंवा बसने थोडकेच अंतर. फेस्टिन्योगचे स्टेशन बंदराकडे आणि मोठ्या रुळांचे स्टेशन गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, बॅगा घेऊन पंधरा-वीस मिनिटे चालण्याची तयारी ठेवा.